घटस्फोटासाठी भरवशाचा वकील कसा निवडायचा? पुण्याच्या फॅमिली कोर्टाबद्दलही सांगा

वडगावची_लेक

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच. लग्न २०१६ ला साताऱ्यात झालं, सासर डोंबिवलीचं, मुलगी सात वर्षांची आहे. दीड वर्षाच्या वर झालं मी मुलीला घेऊन आईबाबांकडे सिंहगड रोडला राहते, नोकरी करते, मुलीची शाळाही इथेच घेतली. परत जायचा विषय संपलाय, त्यामुळे जुळवून घे असं प्लीज कुणी सांगू नका, मोठ्यांच्या बैठका वगैरे सगळं करून झालंय.

नवरा कधी म्हणतो म्युच्युअल (दोघांच्या संमतीचा घटस्फोट) देतो, कधी म्हणतो मुलगी दे मग सही करतो. माझे दागिने, माहेरचे सुद्धा, सासूबाईंच्या लॉकरला आहेत.

आता वकिलांचं. भावाच्या मित्राच्या ओळखीने एकांकडे गेलो तर त्यांनी माझं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही, म्हणाले सहा महिन्यांत मोकळी करतो, वरपर्यंत ओळख आहे, दीड लाखाचं पॅकेज आणि पोटगीची जी रक्कम मिळेल त्यातले दहा टक्के वेगळे. शिवाय आधी ४९८ (सासरच्या छळाचा गुन्हा), डीव्ही (घरगुती हिंसाचाराचा कायदा), पोटगी सगळं एकदम टाकू म्हणजे तो नाक घासत येईल असं म्हणाले. मारहाण झालेली नाही हो, मानसिक त्रास, पैसे काढून घेणं, आईबाबांना बोलणं हे सगळं झालंय. दुसऱ्या एक बाई वकील होत्या, त्यांनी तासभर प्रश्न विचारले, कागद चाळले आणि म्हणाल्या तो तयार असेल तर लवकर होईल, नसेल तर काही वर्षं जातील, किती ते मी आत्ता सांगणार नाही. घरी सगळ्यांना पहिले वकील खमके वाटतायत. बाबा म्हणतात त्या बाई मवाळ आहेत. मला मात्र त्यांच्याकडून बाहेर पडल्यावर जरा श्वास घेता आला.

वकील बरा की नाही हे आपल्यासारख्याने ओळखायचं कसं? केस पुण्यात टाकता येते का की डोंबिवलीकडे जावं लागेल? आणि कोर्टात नेमकं काय होतं, मुलीला आणावं लागतं का, मी आजवर कोर्टाची पायरी चढलेली नाही.

---

अबोली_७

ताई, आधी एक सांगते, तुला बाहेर पडल्यावर श्वास घेता आला ना, ते सोडू नकोस. माझी केस याच कोर्टात झाली, त्यातून सांगते.

शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या जवळच फॅमिली कोर्टाची वेगळी इमारत आहे. तू सिंहगड रोडला आहेस तर स्वारगेटहून मेट्रो पकड आणि जिल्हा न्यायालय स्टेशनला उतर, गाडी नेऊन पार्किंगच्या मागे लागू नकोस, तारखेच्या दिवशी सकाळी डोकं शांत पाहिजे. आत गेलीस की आधी बोर्ड बघायचा, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, त्यात आपला नंबर किती आहे ते लिहून ठेवायचं आणि कोर्ट हॉलच्या बाहेर बसायचं. शिपाई नाव पुकारतो. पुकारा झाला आणि आपण चहाला गेलेलो असलो तर पंचाईत, म्हणून सोबत कुणीतरी असू दे, निदान पहिल्या काही तारखांना. डबा ने, पाणी ने, फोनला चार्ज असू दे. सकाळच्या सेशनला लागेल म्हणतात आणि दुपार होते. आणि मनाची तयारी ठेव की बऱ्याच तारखांना काही म्हणजे काहीच होत नाही, समोरचा वकील येत नाही, साहेब रजेवर असतात, 'से' दाखल करायला वेळ मागतात (से म्हणजे आपल्या अर्जावर समोरच्याचं म्हणणं, हा शब्द तुला रोज ऐकू येईल). पहिल्यांदा असं झालं की रडू येतं, नंतर सवय होते.

सुरुवातीला समुपदेशकाकडे पाठवतात. मला वाटलेलं तिथे नांदायला जा म्हणून दामटतील. तसं झालं नाही. दोघांना वेगवेगळं आणि मग एकत्र बसवून विचारलं, आणि नांदायचं नसेल तर मुलाचं काय, पैशाचं काय, यावर पण बोलता आलं. माझ्या मुलाच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक खरंतर तिथेच एका कागदावर ठरलं, दिवाळीत अर्धे अर्धे दिवस, मे महिन्यात कोण कधी, फोन कधी करायचा, सगळं. वकिलांच्या भांडणात ते कधीच ठरलं नसतं. तिथे मनातलं बोल, घाबरू नकोस, समुपदेशकासमोर बोललेलं पुढे पुरावा म्हणून वापरत नाहीत.

वकिलाबद्दल माझी परीक्षा एकच होती. प्रत्येक कागदाची कॉपी मागितल्यावर चेहरा कसा होतो ते बघायचं. माझ्या मॅडम दाखल झालेल्या प्रत्येक अर्जाचा फोटो संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर टाकायच्या, न मागता. माझ्या मावसबहिणीच्या वकिलाने वर्षभर तिला पिटीशनची कॉपी दिली नाही, मी बघतो तुम्ही काळजी करू नका एवढंच, आणि जेव्हा हातात आली तेव्हा तिच्या नावावर असल्या गोष्टी लिहिलेल्या होत्या की ज्या घडल्याच नव्हत्या, आणि उलटतपासणीला उत्तरं देताना तिची जी अवस्था झाली ती मी डोळ्यांनी बघितलीय. खाली सही तुझी असते बाई. एक एक ओळ वाचल्याशिवाय सही करू नकोस, इंग्रजी ड्राफ्ट असेल तर मराठीत समजावून सांगा म्हणायचं, त्यात लाजायचं काही नाही.

---

जुना_वकील

पुण्याचा नाही आणि कुणाची केस घेण्यासाठी लिहीत नाही, त्यामुळे मेसेज करून नंबर मागू नये. वकिली बरीच वर्षं केली आहे म्हणून लिहितो.

ताई, पहिल्या वकिलांचं 'मिळेल त्यातले दहा टक्के' ऐकून मला पुढचं काही बघायची गरज वाटत नाही. निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेवर अवलंबून फी ठरवणं बार कौन्सिलच्या (वकिलांवर देखरेख करणारी संस्था) नियमांत बसतच नाही. तसंच वकिलाला जाहिरात करायला मनाई आहे, त्यामुळे 'पुण्यातील नंबर एक घटस्फोट वकील, शंभर टक्के यश' असं कुठे दिसलं तर तिथून मागे फिरा. आणि 'वरपर्यंत ओळख' म्हणणारा माणूस तुमच्यासमोर न्यायाधीशाचं नाव विकतोय, तो उद्या तुमचंही विकेल. माझ्या व्यवसायातल्या माणसाबद्दल हे लिहिताना मला त्रास होतो, पण ज्यांच्या घरात आधीच आग लागलीय त्यांना असं लुटताना बघून जास्त होतो.

तपासायचं कसं म्हणाल, तर महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलचा सनद नंबर (वकिलीच्या परवान्याचा) विचारा, एमएएच, मग आकडा, मग साल असा असतो. दुसरं म्हणजे ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर वकिलाच्या नावानेही केसेस शोधता येतात. पुणे कौटुंबिक न्यायालय निवडा, नाव टाका, त्यांच्या केसेस खरंच तिथे चालू आहेत का आणि रोजनाम्यात दर तारखेला काय घडलंय ते दिसतं. कुणी फौजदारीत फार नावाजलेला असेल पण फॅमिली कोर्टात महिनोन्‌महिने फिरकलेला नसेल तर तुमच्या तारखेला ज्युनिअरच येणार. ज्युनिअर येणं वाईट नाही, पण ते आधी सांगितलेलं असावं. फी टप्प्याने ठरवा, दाखल करताना किती, अंतरिम (केस चालू असतानाच्या) अर्जाला किती, पुराव्याच्या वेळी किती, आणि टायपिंग, स्टॅम्प, नोटरीचा खर्च त्यात धरलाय की वेगळा, हे एका मेसेजमध्ये का होईना लिहून घ्या. रोख दिलीत तर पावती.

आता कोर्टाचं. हिंदू विवाह कायद्यात २००३ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून पत्नी आत्ता जिथे राहते तिथेही अर्ज करता येतो. म्हणजे पुण्यातच टाका, राहत्या पत्त्याचा पुरावा लागेल, मुलीच्या शाळेचे कागद त्यासाठी उत्तम. त्याने आधीच त्याच्याकडे केस टाकली तरी घाबरू नका, इकडे वर्ग करून मिळावी म्हणून हायकोर्टात अर्ज करता येतो.

कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा आहे आणि त्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क म्हणून धरलेला नाही, कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. परवानगी मिळते, तो अर्ज नेहमीचाच आहे, पण यामागचा विचार समजून घ्या. हे कोर्ट तुमच्याशी थेट बोलणार. न्यायाधीश विचारतील तेव्हा वकिलाकडे बघत बसू नका, आपल्या भाषेत, थोडक्यात, खरं सांगा. सुनावणी बंद दाराआड व्हावी असं वाटत असेल तर तीही मागता येते.

म्युच्युअलसाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते तुमचं झालंय. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं, पण सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून कोर्ट ते माफ करू शकतं, साधारण दीड वर्ष वेगळे राहिलात, पोटगी, मुलीचा ताबा सगळं मिटलंय आणि समेटाची आशा नाही असं दिसलं तर. त्या वकिलांचे 'सहा महिने' बहुधा या म्युच्युअलच्या हिशोबाने आलेत, आणि ते नवऱ्याच्या सहीवर अवलंबून आहेत, वकिलाच्या खमकेपणावर नाहीत. लक्षात ठेवा, अंतिम हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांत ठरलेल्या अटींच्या कागदात) दागिन्यांची यादी वजनासकट, पैसे कधी आणि कसे, मुलीला भेटायचे दिवस, शाळेची फी, हे नेमकं लिहून घ्या आणि पैशाचा मोठा भाग अंतिम तारखेला कोर्टासमोर डीडीने घ्या. 'नंतर देतो' वर सही नको.

राहता राहिलं सगळं एकदम टाकण्याचं. ४९८-अ म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. खरंच छळ झालाय आणि तुम्हाला तक्रार करायची आहे तर तो तुमचा हक्क आहे, जरूर करा, मानसिक छळही त्यात येतो. पण दबावाचं साधन म्हणून करू नका. एकदा गुन्हा नोंदला गेला की मिटवायला बहुतेक वेळा हायकोर्टापर्यंत जावं लागतं, आणि एक वाक्य जरी वाढवून लिहिलेलं निघालं तरी तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वास जातो. डीव्ही कायद्यातले बरेचसे आदेश, दागिने परत मिळण्याचा सुद्धा, त्या कायद्याच्या कलम २६ खाली फॅमिली कोर्टातही मागता येतात. त्यामुळे दोन कोर्टांत दोन वकील आणि दोन तारखा असा खेळ करायलाच हवा असं नाही. हे दुसऱ्या मॅडमना नक्की विचारा. त्यांचं उत्तर कसं येतं त्यावरूनही तुम्हाला कळेल.

---

एक_बाप

मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणजे माझ्या बायकोने केस टाकली होती. तरी लिहितोय कारण मुलीचा मुद्दा आहे.

ताई, तुमचा नवरा मुलगी दे म्हणतोय ते खरंच मुलीसाठी आहे की तुम्हाला अडवायला, हे तुम्हालाच माहीत. पण वकिलाला हे पहिल्याच दिवशी विचारा की तुम्ही ताब्याच्या केसमध्ये काय करता. माझ्या पहिल्या वकिलाने सांगितलेलं की भेटायला जाऊच नका, मग कोर्टात सांगू की ती भेटू देत नाही. मी ती फाईल दुसऱ्याकडे नेली. जो माणूस आपल्या मुलालाच हत्यार करायला सांगतो त्याच्या हातात केस कशी देणार?

पाच वर्षांपर्यंत ताबा शक्यतो आईकडे असं कायद्यात आहे, त्यापुढे मुलाचं हित बघतात. सात वर्षांच्या मुलीला प्रत्येक तारखेला नेत नाहीत, गरज वाटली तर न्यायाधीश तिच्याशी चेंबरमध्ये बोलतात, आईवडिलांना बाहेर बसवून. माझ्या मुलाशी बोलले तेव्हा तो बाहेर येऊन म्हणाला की त्यांनी मला माझ्या मित्रांची नावं विचारली. मी त्याला घरून काही पढवून नेलं नव्हतं याचं मला आजही बरं वाटतं. तुम्ही पण पढवू नका, मुलं लगेच पकडली जातात आणि त्यांच्या मनावर राहतं ते वेगळंच.

कोर्टाचा हुकूम नसला तरी वडिलांना फोनवर बोलू द्या, आठवड्यातला एक वार ठरवा आणि मेसेजमध्ये लिहा म्हणजे नोंद राहते. तुमच्याच बाजूने जाईल ते.

आणखी एक. पोटगीच्या अर्जात दोघांनाही उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून. पगार, एफडी, कर्ज, दागिने, सगळं. तुम्ही नोकरी करता ते लपवू नका, कुणी वकील म्हणाला नका लिहू तरी. समोरचा तुमचा पीएफ आणि पगाराचं खातं काढून आणतो. नोकरी असली तरी मुलीच्या खर्चाचा वाटा त्याला द्यावाच लागतो, ते तुम्हाला मिळेल.

---

मु_पो_कराड

फीचा आकडा बघून कुणी मागे हटू नये म्हणून लिहिते. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा आहे, त्यात महिलांना उत्पन्नाची अट नाही, कुठलीही बाई मोफत वकील मागू शकते. प्रत्येक जिल्हा न्यायालयात ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते, फोन १५१०० ला लावायचा. लोक म्हणतात फुकटचा वकील काय कामाचा. माझ्या जाऊबाईंना पॅनेलवरच्या ज्या मॅडम मिळाल्या त्यांनी अंतरिम पोटगी मिळवून दिली, आणि थकली तेव्हा वसुलीचा अर्ज पण स्वतः टाकला, एक रुपया मागितला नाही. वकील पटला नाही तर बदलून पण मागता येतो, अर्ज करायचा.

आणि इकडे गावाकडे अजून चालतं ते सांगते, पाचशेच्या स्टॅम्पवर दोघांच्या सह्या, नोटरीचा शिक्का आणि झाला काडीमोड. त्या कागदाने घटस्फोट होत नाही, कोर्टाचा हुकूमनामा लागतो. जमातीची तशी जुनी रूढी असेल तर गोष्ट वेगळी, पण ती रूढी पण कोर्टात सिद्ध करावी लागते. आमच्या वाडीतल्या एका पोरीने त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं आणि आता पहिला नवरा तिला त्यावरून छळतोय. ज्या माणसाने तो कागद बनवून दिला तो आता ओळख दाखवत नाही. वडगावच्या ताई, तुमच्या नवऱ्याकडून कुणी असं सुचवलं की कशाला कोर्ट, स्टॅम्पवर करून टाकू, तर ऐकू नका.

ज्या जिल्ह्यात फॅमिली कोर्ट नाही तिथे ही केस दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालते, म्हणजे कोर्ट नाही म्हणून कुणाचं अडत नाही.

---

वडगावची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, अबोली तुझं वाचून डोळ्यात पाणी आलं. बाबांना जुना_वकील काकांचं दहा टक्क्यांचं वाचून दाखवलं, ते गप्पच झाले आणि मग म्हणाले त्या बाईंची अपॉइंटमेंट घे.

आता अडचण अशी की भावाने त्या पहिल्या वकिलांना टोकन म्हणून २५ हजार पाठवलेत आणि वकालतनाम्यावर (वकील नेमल्याच्या कागदावर) माझी सही पण घेतलीय त्यांनी, केस दाखल केलेली नाही असं म्हणतात. विवाह नोंदणीचा ओरिजिनल दाखला आणि मुलीचा जन्मदाखला त्यांच्याकडे आहे. भावाने फोन केला तर म्हणाले उरलेली फी द्या मग कागद घेऊन जा. आणि नवऱ्याच्या फोनचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, तो पैशावरून जे बोलला ते, ते चालतं का?

---

जुना_वकील

फी राहिली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही. सुप्रीम कोर्टाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात हे स्वच्छ सांगितलंय. भांडू नका, साधं पत्र लिहा: मी आपली नेमणूक रद्द करत आहे, माझ्या सहीचा वकालतनामा वापरू नये, तो आणि सोबतची मूळ कागदपत्रं या तारखेपर्यंत परत द्यावीत. कागदांची यादी द्या, स्पीड पोस्टाने पाठवा, शिवाय व्हॉट्सअॅपवरही टाका. बहुतेक वेळा एवढ्यावर कागद येतात. नाही आले तर बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. तोवर दोन्ही दाखल्यांच्या नकला महापालिकेतून काढायला टाका (लग्नाची नोंद साताऱ्याची असेल तर तिथून), म्हणजे त्यांच्यावाचून काही अडणार नाही. आणि ई-कोर्ट्सवर पुण्याच्या कोर्टात तुमचं नाव टाकून बघा, केस खरंच दाखल नाही ना. दाखल असेल तर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर टिपून घ्या, नवीन वकिलांना लागेल, आणि मग जुन्यांची एनओसीही मागा. ती देत नसतील तर कोर्टाला अर्ज करून वकील बदलता येतो.

टोकनच्या पैशाचं, त्यांनी सल्ला दिला तेवढी फी त्यांची होते, बाकीचे परत मागा. पण त्या रकमेपायी त्या माणसाकडे अडकून राहू नका.

रेकॉर्डिंगबाबत, जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नवरा-बायकोमधलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगही वैवाहिक केसमध्ये पुरावा म्हणून घेता येतं. तरी ते अस्सल आहे हे दाखवावं लागतं. ज्या फोनवर केलंय तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, कापाकापी अजिबात नको, आणि सोबत द्यायचं प्रमाणपत्र मॅडम तयार करून घेतील.

---

अबोली_७

ताई, मॅडमकडे जाताना लग्नपत्रिका, लग्नातले दोनचार फोटो (दागिने अंगावर असलेले मुद्दाम घे), सोनाराच्या पावत्या, तीन वर्षांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, शाळेच्या फीच्या पावत्या घेऊन जा. आणि लग्न झाल्यापासूनचं तारीखवार एका वहीत लिहून काढ, जसं घडलं तसं, तुझ्या बाजूने वाईट दिसेल ते पण. मी तसं लिहून नेलं तर मॅडमनी तेच समोर ठेवून पिटीशन केली. जायच्या आदल्या दिवशी इथे लिही, मी पण त्या आठवड्यात शिवाजीनगरला आहे, सोबत येईन.